सहा माणसे, सात आसने आणि डिकी

आई आणि अण्णा आमच्याकडे पुण्यात कायमचे राहायला आल्यापासून घरात आम्ही सहा जण झालो आहोत. गणपतीला चिपळूणजवळच्या गावी जाताना निम्मे घर गाडीने आणि निम्मे एसटीने, ही दरवर्षीची विभागणी आता आईच्या गुडघ्यांना झेपत नाही. त्यामुळे सध्याची छोटी गाडी देऊन तीन रांगांची गाडी घ्यायचे ठरले, आणि गेले दोन महिने मी जवळजवळ प्रत्येक शनिवारी खिशात मोजपट्टी घालून शोरूमच्या पायऱ्या चढतो आहे.

पहिल्याच शोरूममध्ये एक गोष्ट लक्षात आली. मला तिसऱ्या रांगेत बसवण्याआधी विक्रेत्याने मधली सीट खटका ओढून गुपचूप पार पुढे सरकवली होती, त्यामुळे मागे पाय ठेवायला ऐसपैस जागा दिसली. मग मी अण्णांना मधल्या रांगेत त्यांना हवे तसे टेकून बसायला सांगितले आणि त्यांच्या मागे दहा मिनिटे दार लावून बसलो. गुडघे सीटच्या पाठीला टेकलेच, शिवाय मागची जमीन उंच असल्याने मांड्या अधांतरी राहत होत्या. चाळीस मिनिटांच्या प्रवासाला हे चालेल. पण उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरेपर्यंत त्या जागेवर मोठ्या माणसाने बसू नये, असे माझे मत झाले. तिथे आमची बारा वर्षांची थोरली बसेल, आणि तिची त्याला हरकत नाही.

खरा पेच सामानाचा आहे. तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाच्या डिकीत २०९ लिटर जागा उरते, कॅरेन्समध्ये २१६, आणि चार मीटरच्या आत बसवलेल्या ट्रायबरमध्ये अवघी ८४. लिटरचा हिशेब पाण्याला ठीक आहे, पण पेट्यांना कोपरे असतात. म्हणून आम्ही घरातल्या दोन मोठ्या बॅगा आणि अण्णांची पूजेच्या साहित्याची पत्र्याची पेटी बरोबर नेऊन प्रत्यक्ष ठेवून पाहिली. विक्रेते हसले, पण नको कोणीच म्हणाले नाही. पेटी आणि एक बॅग बसली, दुसरी बॅग हातात राहिली, आणि परतीच्या वेळी गावाहून येणारे तांदूळ आणि नारळ अजून मोजलेलेच नव्हते. सीएनजीचा विचार इथेच मागे पडला, कारण टाकी डिकीतच बसते.

याच खटाटोपातून सहा आसनी की सात आसनी हा वादही मिटला. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असलेली सहा आसनी गाडी दिसायला देखणी असते आणि मधल्या वाटेने मागे जाणेही सोपे पडते. परंतु सहा माणसे बसली की तिची मागची दोन्ही आसने भरतात आणि डिकी तेवढीच राहते. सात आसनी गाडीत मधल्या सलग बाकावर तिघे बसले की मागे एकच जण उरतो, तिसऱ्या रांगेची अर्धी पाठ पाडता येते आणि त्या बाजूला दुसरी बॅग उभी राहते. मात्र मधल्या माणसालाही खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा आहे ना, हे प्रत्येक गाडीत ओढून पाहिले.

आईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब चढण्याची होती. २००५ साली क्वालिसची जागा घेतलेल्या इनोव्हाबद्दल अण्णांच्या मनात फार आदर आहे. पण तिचीच क्रिस्टा ही आवृत्ती शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर उभी असल्याने तिची जमीन उंच आहे, आणि आईला दाराच्या मुठीला लोंबकळून आत जावे लागले. इनोव्हाच्याच हायक्रॉस या नव्या आवृत्तीला तसा वेगळा सांगाडा नाही, त्यामुळे तिच्यात आई सहज बसली. किंमत ऐकून मात्र अण्णा स्वतःच बाहेर येऊन उभे राहिले.

किमतीबाबत एवढेच सांगतो की २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के. ट्रायबर स्वस्त पडते त्यामागे हेही एक कारण आहे.

चाचणी फेरीसाठी आम्ही सहाही जण बसलो आणि सपाट रस्त्याऐवजी कात्रजचा जुना घाट मागून घेतला. एकट्या चालकाला घेऊन भुर्रकन पळणारी गाडी भरल्यावर चढाला कशी वागते, हेच तर पाहायचे होते. एर्टिगाचे १४६२ सीसीचे इंजिन एसी चालू असताना वळणावर दुसऱ्या गिअरवर येत होते, पण कुरकुरत नव्हते. आम्हाला शर्यत लावायची नाही, म्हणून ते मान्य केले.

शेवटी सोसायटीतली आमची पार्किंगची जागा मोजली. ती भिंतीपासून रेषेपर्यंत बरोबर पाच मीटर आहे. हायक्रॉसची लांबी ४.७५५ मीटर, म्हणजे मागे उभे राहून डिकी उघडण्याचा प्रश्नच नाही. एर्टिगा सुमारे ४.४ मीटरची आहे, तेव्हा तिच्यामागे बॅग घेऊन उभे राहता येईल. सात आसनी, पेट्रोल, हाताच्या गिअरची, असे ठरवून परवा नोंदणीची रक्कम भरली. गाडी ताब्यात घ्यायला जाताना पत्र्याची पेटी पुन्हा बरोबर न्यावी, असे अण्णांचे म्हणणे आहे.