गाणी म्हणून काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत नाहीतर सोसायटीच्या लिफ्टमध्ये गाठतो आणि तिथे हसून वेळ मारून न्यावी लागते. प्रश्न साधारण असा असतो : "तुमच्या त्या पुरोगामी कार्यक्रमांना दर वेळी तीच शंभर-दीडशे डोकी. तीच गाणी, त्याच घोषणा, तेच पथनाट्य. चौकात डफ बडवून आजवर कुणाचं मत बदललंय का?" विचारणाऱ्याच्या आवाजात कधी कळकळ असते, कधी खोच. माझ्या आतेभावाच्या आवाजात दोन्ही असतात, वर "फुरोगामी" म्हणताना तो फ जरा लांबवतो.

बघणाऱ्यांचं मत बदलतं की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सिग्नल सुटेपर्यंत स्कूटरवरून पाहिलेल्या दीड मिनिटाच्या नाटकानं कुणाच्या डोक्यात काय झालं, ते कोण मोजणार? करणारी माणसं मात्र बदलतात. हे मी पुण्यात इतक्यांदा पाहिलंय की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही.

तुम्हाला २०१२ सालचं 'सत्यशोधक' आठवतंय का? गो. पु. देशपांड्यांचं नाटक, अतुल पेठे यांचं दिग्दर्शन, विषय महात्मा फुले. नाट्यरसिक पुण्याला यात नवं काय, असं वाटेल. नवं होतं ते असं की नाटक उभं केलं पुणे महानगरपालिका कामगार युनियननं, आणि रंगमंचावर सफाई कामगार होते. सकाळी शहराचा कचरा उचलायचा आणि मग तालमीला यायचं. ज्या शहरात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि अंगावर शेण-माती झेलली, त्याच शहराच्या रंगमंचावर ज्यांना लोक दारात उभं राहून "ओ कचरेवाले" अशी हाक मारतात, ती माणसं जोतीरावांची गोष्ट सांगत होती. प्रेक्षागृहातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, घरी गेली, दुसऱ्या दिवशी कदाचित पुन्हा ओला-सुका कचरा एकाच पिशवीत टाकला असेल. पण जो माणूस भरल्या नाट्यगृहासमोर उभा राहून बोललाय, तो दुसऱ्या दिवशी मुकादमासमोर मान खाली घालून उभा राहील का? मला नाही वाटत.

हे काही आजचं नाही. १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि पुढे त्याचे जलसे गावोगाव फिरू लागले. तमाशाचा साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला होता, तो घेतला आणि वगात सावकार, भटजी, दारू, कर्ज काढून केलेली लग्नं आणली. जलशात उभे राहणारे कोण? शेतकरी आणि कारागीर. पुढे आंबेडकरी जलसे आले, १९४४ मध्ये मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक आलं. आपल्या पुण्यात राष्ट्र सेवादलाचं कलापथक होतं. निळू फुले त्यातलेच, आणि त्या काळात ते वानवडीच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. लोक त्यांना सिनेमातल्या पाटलांसाठी ओळखतात. आम्ही ओळखतो ते शेवटपर्यंत चळवळीच्या हाकेला येणारे निळूभाऊ.

आता जुन्या पुण्याईवर किती दिवस काढणार, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आमच्या मावशींबद्दल सांगते. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही.

मावशी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत राहतात, पाच घरची धुणीभांडी करतात. आमच्या पथनाट्याच्या गटात आल्या त्या सतरंज्या घालायला. रेशनवरचं पथनाट्य बसत होतं. दुकानदाराचं काम करणारा मुलगा ऐन वेळी तापानं पडला. मावशी रोज कोपऱ्यात बसून तालीम बघायच्या. कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुम्ही वाचता का?" त्या म्हणाल्या, "वाचायला कशाला पाहिजे? त्याला मी दर महिन्याला बघते." खांद्यावर टॉवेल टाकला, माझा चष्मा मागून घेतला, नाकावर खाली ओढला आणि सुरू झाल्या.

संहिता आमच्या एका कॉलेजातल्या पोरानं लिहिली होती. त्याचा दुकानदार म्हणायचा, "तुमचा अंगठा जुळत नाही, कृपया उद्या यावे." मावशींचा दुकानदार वरसुद्धा बघत नव्हता. एका हातानं मशीन पुढे सरकवायचा. "पुसा. पदराला पुसा. दुसरं बोट लावा. ते नाही, मधलं. नाही घेत बाई, काय करू, सर्व्हरच डाउन. पुढचा!" हा "पुढचा" त्या असा टाकायच्या की समोर बसलेल्या बायका आधी खो-खो हसायच्या आणि मग एकदम गप्प व्हायच्या. कारण वर्षानुवर्षं भांडी घासून, राख आणि पावडर चोळून बोटांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. मशीन अंगठा घेत नाही, त्यामागे हे असतं. आमच्या पोराला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गटात तेवढं एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस सतरंज्या घालत होता.

पुढचं महत्त्वाचं. नाटकात शेवटी एक बाई उलटून विचारते की अंगठा लागत नाही म्हणून धान्य नाकारू नये असा सरकारी आदेश आहे, तर नाकारताय ते कागदावर लिहून द्या. मावशी दुकानदार असल्यामुळे हे वाक्य त्यांना दर प्रयोगात ऐकून घ्यावं लागायचं आणि त्यावर गडबडून जायचा अभिनय करावा लागायचा. काही महिन्यांनी खऱ्या दुकानात त्यांच्या जावेला परत पाठवलं, तेव्हा मावशी तिच्यासोबत गेल्या आणि ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हटलं. "लिहून द्या." खरा दुकानदार गडबडला. मावशी नंतर मला म्हणाल्या, "ताई, मी करते तसं नाही गडबडला. निराळाच गडबडला. कानामागं खाजवलं त्यानं." पुढच्या प्रयोगापासून मावशींचा दुकानदार कानामागे खाजवू लागला. धान्य त्या दिवशी मिळालं नाही हेही सांगून टाकते. चार खेपा झाल्यावर मिळालं.

यात प्रेक्षकांचं मतपरिवर्तन कुठे बसतं? मला विचाराल तर तो मुद्दाच दुय्यम आहे. भाषण ऐकून मावशींना तो आदेश कळला असता, पण तोंडातून वाक्य बाहेर पडलं नसतं. तोंडाला सवय लागावी लागते, आणि ती तालमीत लागते. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' गावोगाव नेलं, तेव्हा त्यात कामं करणाऱ्या बायकांचंही काही वेगळं झालं नसणार. नोकऱ्या सांभाळून, घरी स्वयंपाक उरकून त्या प्रयोगाला निघायच्या. निघण्यासाठी घरात जे बोलावं लागत असेल, तोच पहिला प्रयोग.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) नरेंद्र दाभोलकरांबद्दल बोलल्याशिवाय पुण्यातल्या कुठल्याही चळवळीचं बोलणं पुरं होत नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. वर्षानुवर्षं लोंबकळत पडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम आठवड्याच्या आत निघाला. कायदा गाण्यांनी झाला नाही, एका माणसाच्या रक्तानं झाला, हे मी आतेभावाच्या आधीच कबूल करते. पण कायदा कागदावर आला तरी पोलीस चौकीत जाऊन तक्रार द्यायला माणूस लागतो, आणि गावातल्या बाबाविरुद्ध तक्रार देणं ही गंमत नव्हे. हत्येनंतर अंनिसच्या कार्यकर्त्यांनी पेठे यांच्यासोबत शिबिरं घेऊन रिंगणनाट्यं बसवली, ती जागोजागी केली. कामं करणारे नट नव्हते, शाखांमधले कार्यकर्ते होते. घाबरून घरी बसायची वेळ असताना ही माणसं रस्त्यावर गोल करून उभी राहिली. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळच्या साहिबाबादला पथनाट्य चालू असताना नाटककार सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. आणि ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री आणि सहकारी त्याच जागी परत गेले आणि अर्धं राहिलेलं नाटक पुरं करून आले. हे बघायला किती लोक होते, यावर त्याचं मोल ठरवायचं का?

शिंदे पुलावर वीस ऑगस्टच्या सकाळी लोक जमतात. "फुले, शाहू, आंबेडकर, आम्ही सारे दाभोलकर" ही घोषणा होते, गाणी होतात. १० मे २०२४ ला विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडून दिलं, तरी सूत्रधार कोण हा प्रश्न पुलावर विचारला जातोच. माझी अडचण मात्र तिथे फार खालच्या पातळीवरची असते. ऑगस्टची दमट हवा, नदीवरून येणारी भुरभुर, डफाचं कातडं ओलावा धरून सैल पडतं. थाप मारली की कडाड न वाजता भद्द वाजतं. मग कठड्याच्या आडोशाला रद्दी पेटवून डफ शेकायचा. एकदा बंदोबस्तावरचे हवालदार धावत आले, "मॅडम, इथे जाळपोळ नको." म्हटलं, "दादा, जाळपोळ नाही, डफ शेकतेय." त्यांनी जरा वेळ बघितलं. म्हणाले, "मग लांब धरा की. कातडं करपवाल." बरोबर होतं त्यांचं.

आता आमच्याच लोकांबद्दल थोडं, कारण तुमच्या प्रश्नातला "तीच शंभर-दीडशे डोकी" हा भाग खोटा नाही. पुण्यातले आमचे कार्यक्रम नवी पेठेच्या आसपास घुटमळतात. एस. एम. जोशी सभागृह, पत्रकार भवन, फार तर सिंहगड रस्त्यावरचं साने गुरुजी स्मारक. वेळ संध्याकाळी साडेपाच. साडेपाचला मावशी दुसऱ्यांच्या घरी कणीक मळत असतात. मग व्यासपीठावर नऊ खुर्च्या, प्रास्ताविकाची वीस मिनिटं, शाली, पुस्तकं, प्रत्येक वक्त्याचं "माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे" आणि त्यानंतरचा अर्धा तास. आणि कलापथक? ते पाहुणे येईपर्यंत. आयोजक हळूच येऊन सांगतात, "तोवर दोन गाणी होऊन जाऊ द्या." पाहुणे दारात दिसले की दुसऱ्या कडव्यातच हात वर. ज्या जलशांच्या नावानं नंतर दोन तास भाषणं चालतात, त्या जलशाला मिळतात ही अशी उसनी दहा मिनिटं! मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, आणि तो मी त्यांना तोंडावर सांगते. त्यामुळे काही ठिकाणची निमंत्रणं बंद झाली आहेत.

वाईट पथनाट्यंही पुष्कळ असतात. गळ्यात 'जनता' अशी पाटी, दुसऱ्याच्या गळ्यात 'भ्रष्टाचार', आणि पंधरा मिनिटं आरडाओरडा. अशा नाटकानं करणाऱ्यांचंही काही होत नाही, कारण त्यांना त्यात स्वतःचं काही घालावं लागत नाही. मावशींना 'महागाई' करायला दिलं असतं तर त्या आजही सतरंज्याच घालत असत्या.

परवानगीबद्दल लोक उत्सुकतेनं विचारतात, पण त्यात रस घेण्यासारखं काही नाही. अर्ज द्यायचा, वक्त्यांची नावं द्यायची, माईकची वेळ द्यायची, रात्री दहाला माईक बंद करायचा. कधी परवानगी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मिळते, कधी मिळत नाही. वस्तीतल्या बोळात माईकशिवाय करायचं म्हटलं की निम्मा प्रश्न सुटतो. तिथे आवाज पोचतो, आणि नाही पोचला तर बायका "जोरात बोला की" म्हणून ओरडतात.

पैशांचं मात्र नेहमी रडगाणं. इथेही नाटकवाल्यांनीच वाट दाखवली होती. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा मोठ्या नटांनी महाराष्ट्रभर प्रयोग केले, आणि त्या पैशांतून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. आमच्या गटाची उडी टोपी फिरवण्यापर्यंत. टोपीत नाणी येत नाहीत हल्ली, लोक विचारतात "क्यूआर कोड आहे का?" आता तोही डफाच्या मागच्या बाजूला चिकटवलाय. वाजवताना डफ उलटा धरता येत नाही, एवढीच अडचण.

"मी आले तर चालेल का, पण मला गाता येत नाही," असंही तुमच्यापैकी काहींनी विचारलंय. गाणारे खूप आहेत. आम्हाला सध्या हवाय तो शनिवारी रिकामा असलेला टेम्पो, आणि घरकामगार बायकांच्या पेन्शनचे फॉर्म नीट वाचून सांगेल असं कुणीतरी, कारण पुढचं नाटक त्यावर आहे आणि कॉलेजातल्या पोरानं पुन्हा "कृपया" लिहून आणलंय. तालीम रात्री साडेआठला, मावशींची कामं आटोपल्यावर. चप्पल बाहेर काढा, बोळात कुत्रं आहे, ते नवीन माणसाची चप्पल पळवतं.