पऱ्हाटीची फळी: ठोकायची किती, ते ठरलं

उष्णता अडवायला टिनाच्या छताखाली लावायच्या पऱ्हाटी-चुन्याच्या फळीचं काम पुढे सरकलं. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडाच्या काड्या. मिश्रण आधीच जमलं होतं: श्रेडरमधून काढलेली कुट्टी, साधारण तेवढ्याच वजनाचा विझवलेला चुना, आणि बुरशी-उधईसाठी पाण्यात विरघळवलेला थोडा टाकणखार. अडलं होतं ते साच्यात ठोकायचं किती यावर. मे महिन्याच्या उन्हानं त्याचा निकाल लावला.

"भाऊ, हे तं हातानं भुरभुरते. अजून ठोकू ना जरासक?" आमचे मिस्त्री प्रत्येक साच्याला हेच विचारत. ओटा असो की स्लॅब, घट्ट तेच चांगलं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. पण या फळीत उष्णता अडवायचं खरं काम काड्यांच्या मधे अडकलेली हवा करते. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास, विटेची ०.६ च्या वर. ठोकून ठोकून हवा काढली की फळी मजबूत होते आणि कामातून जाते. सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संस्थेनं पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्र विकसित केलंय, नागपुरात त्यांचं केंद्रही आहे. पण बोर्ड घट्टच लागतो, आपल्याला पोकळ हवंय.

म्हणून दोन्ही केल्या. दोन बाय दोन फूट, दोन इंच जाड. हलक्या हातानं भरलेली साडेपाच किलोची, मिस्त्रींच्या मनासारखी ठोकलेली नऊ किलोची. एकाच टिनाखाली, टिनापासून चार बोटं फट सोडून शेजारी शेजारी टांगल्या. फटीची दोन्ही टोकं उघडी, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. दुपारी तीनला टिन ६३ अंश, जड फळीचा खालचा भाग ४५, हलकीचा ४३. फरक दोनच अंशांचा, पण तो साडेतीन किलो कमी वजनात मिळाला. घराच्या जुन्या सागवानी बल्ल्यांवर किती भार टाकायचा हा विचार केला तर माझ्यासाठी विषय तिथेच संपला. शिवाय संध्याकाळी सातला हात लावून बघा: जड फळी कोमटच असते.

मोजणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत टिनावर रोखला तर आकडा खूप कमी दाखवतो. टिनाला वायरमनची काळी टेप चिकटवा, जरा वेळ तापू द्या, आणि टेपवर मोजा. टेपशिवायचे आकडे एकमेकांशी ताडण्यात अर्थ नाही.

कुट्टी चाळून घ्याच. बारीक भुकटी चुना पिऊन टाकते आणि पोकळी बुजवते. सालीचे लांब दोरे मात्र राहू द्या, फळीला तेच धरून ठेवतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, आणि त्याला ओल लागते. आपल्या एप्रिलच्या झळांमध्ये फळी वरून वाळते आणि आतला चुना कच्चाच राहतो. सावलीत ठेवून वर ओला बारदाना टाकला तेव्हापासून कडा झडणं थांबलं. गॅस बर्नरची ज्योत धरल्यावर तुकडा काळा पडला, ज्योत काढताच विझला. तरी छतातली वायर पाइपातूनच न्या.

पऱ्हाटी मिळवताना घाई करा. फरदड (हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून घेतलेला जास्तीचा कापूस) न घेता पीक मोडलं की लगेच कुट्टी करायची. धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत, न फुटलेल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच शेतात उतरते. सोयाबीनच्या कुटाराला मी हात लावत नाही. ते जनावरांच्या तोंडचं आहे, पऱ्हाटी तर बहुतेक जण पेटवूनच देतात.

भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना इतकी खटपट नको. राइस मिलचा तूस, म्हणजे धानाची टरफलं, सिलिकामुळे सहजी सडत नाही. कोरडा तूस टाकणखार मारून दोन प्लायच्या मधे सैल भरला तरी चालेल, फक्त उंदरांसाठी कडेला बारीक जाळी मारा.

आता पावसाळा. हलक्या फळीचे तुकडे गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात आणि वारुळाजवळ ठेवलेत. पोळ्यानंतर फोडून बघतो आणि आतले फोटो टाकतो. कोणी चुन्याऐवजी पांढरी माती आणि शेण वापरून, तुराटीच्या कुडाला लिंपतो तशी फळी केली असेल, तर वजन आणि जाडी दोन्ही नक्की कळवा.