रिकामा रकाना

रविवार, रात्र

सारस-गणनेचा अर्ज ताईंच्या हाती देऊन साडेदहाला घरी आलो, अंघोळ केली, जेवलो, दुपारी नेहमीप्रमाणे आडवाही झालो. पण त्या अर्जातला एक रकाना आपण कोरा ठेवून आलो, ही गोष्ट दिवसभर मनातून गेली नाही. वेळ, ढग, वारा, पाण्याची पातळी, तलावाच्या पाळीवर माजलेली बेशरमाची झुडपे, भाताच्या बांधीत चरणाऱ्या म्हशी, हे सगळे मी सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. पिल्लांच्या रकान्यात शून्य लिहिताना हात अडखळला नाही, कारण गेल्या दोन पावसाळ्यांत आमच्या तलावावर पिल्लू तगलेलेच नाही. प्रौढ पक्ष्यांच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबले, आणि मी अर्जाची घडी घातली.

पहाटे साडेचारलाच पाळीवर जाऊन बसलो होतो. जूनमध्ये मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाचे पाणी आटून मधल्या खोलगट भागात जमा होते. सारसाची गणना आपण पावसाच्या तोंडावर करतो ती त्यासाठीच, कारण जिथे पाणी उरते तिथेच पक्षी उतरतात आणि एकदा रोवणी लागली की बांध्यांमधून त्यांना शोधणे अवघड होऊन बसते. उजाडले तेव्हा अडई होत्या, टिबुकल्या होत्या, शिंपले फोडत बसलेले उघड्या चोचीचे करकोचे होते. सारसाची हाक दिसण्याच्या कितीतरी आधी कानावर येते. नर एक लांब आरोळी देतो आणि मादी त्यात आपल्या तुटक आरोळ्या गुंफते, तेव्हा पलीकडच्या गावातही कळते की जोडी आली. त्या हाकेसाठी मी नऊ वाजेपर्यंत कान देऊन राहिलो, पण ती आली नाही. नहरावरून गेलेल्या नव्या तारांच्या खालून परतलो, पण तारांखाली फिरून पाहिले नाही.

म्हशी घेऊन आलेला आमचा शेजारी म्हणाला, “काल सांजच्याले होते जी गुरुजी, दोघंबी. आज काऊन नाही आले, काय मालूम.” त्याचा शब्द खोटा नसतो. तरीही कालचे दोन आज मांडता येत नाहीत. सगळ्या ठिकाणी एकाच वेळी माणसे बसवायची ती एकच जोडी इकडून उडून तिकडे उतरली तर दोनदा मोजली जाऊ नये म्हणून, आणि हे पक्षी तर गोंदिया, भंडारा आणि बालाघाट यांच्या सीमा जाणत नाहीत. हा नियम इतरांना मीच घसा कोरडा करून सांगत आलो आहे. महाराष्ट्रात सारस उरला तो जवळजवळ आपल्या या पट्ट्यापुरताच; एकूण बेरीज एवढी लहान की एका जोडीचा फरक तिच्यात लगेच दिसतो. म्हणूनच दोन लिहिण्याचा मोह झाला आणि म्हणूनच तो आवरला. पण दोन लिहायचे नव्हते तर शून्य का लिहिले नाही, या प्रश्नाशी मी संध्याकाळपासून घुटमळतो आहे.

कोरा रकाना आणि शून्य यांतला फरक मला कळत नाही असे मुळीच नाही. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात, म्हणजे चितमपल्ली सरांच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, शाळाशाळांतून मी हेच सांगत फिरतो: शून्य म्हणजे आम्ही गेलो, बसलो, पाहिले आणि पक्षी दिसला नाही, कोरे म्हणजे कोणी गेलेच नाही. हजेरीपटावरही गैरहजर मुलाची खूण करावीच लागते, जागा मोकळी राहिली तर तो मास्तरचा हलगर्जीपणा ठरतो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाच नावापुढे महिनाभर काही लिहिले नव्हते, आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांनीही मला विचारले नव्हते. ते असो.

आधी वाटले, हा पक्ष्यांबद्दलचा जिव्हाळा असेल. नंतर वाटले, थकवा असेल. गुडघे दुखतात, मुलगा फोनवर म्हणतो की बाबा, आता पुरे, आणि पहाटे डबा बांधून देणारे माणूस आता घरात नाही. दिवा लावताना चक्क डोळे भरून आले. एवढी वर्षे चिखल तुडवला आणि शेवटी हाती काय, असलेच काहीतरी मनात आले. पण हेही पूर्ण खरे नसावे. आपल्या मंडळात या तलावाला सगळे ‘गुरुजींचा तलाव’ म्हणतात. बैठकीत नकाशा उलगडला की त्या ठिपक्यावर बोट ठेवून कोणीतरी माझ्याकडे पाहते आणि मी उगीच चष्मा पुसतो. शून्य लिहिले असते तर त्या ठिपक्याबरोबर मीही पुसला गेलो असतो, अशी काहीशी धास्ती त्या कोऱ्या चौकोनात असावी. सारसांनी माझ्या नावावर सातबारा करून दिलेला नाही, हे कळायला एवढे वय व्हावे लागले, याचे मला आता थोडे हसू येते आहे.

आठ वाजता ताईंचा फोन आला. “गुरुजी, प्रौढांचा रकाना कोरा आहे, मी काय समजू?” मी म्हटले, शून्य. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की उद्या दुसऱ्या जागेवर याल तेव्हा ते तुमच्या हातानेच लिहा, आणि मग हसून म्हणाल्या, “म्हशी मात्र अगदी चोख मोजल्यात हो, अकरा.”

एवढ्यात पाळीवर विसरलेली माझी पाण्याची बाटली घेऊन शेजारी ओसरीवर आला होता. ताईंचे बोलणे त्याला मोठ्या कौतुकाने सांगितले, तर तो म्हणाला, “बारा होत्या जी. एक पाण्यात बसली होती, नाकावरी.”