फुजी: चढाईचं सगळे सांगतात, उतरणीचं कुणीच नाही

"फुजी म्हणजे ट्रेक नाही, लांबलेलं चालणं आहे, जपानी आजी-आजोबासुद्धा चढतात." जपानच्या फुजी पर्वतावर निघण्याआधी हे वाक्य चार ठिकाणी ऐकायला मिळतं. आजी-आजोबा चढतात हे खरं आहे. पण ते दोन दिवस हाताशी ठेवतात, पायाला गेटर (बुटात खडी जाऊ नये म्हणून घोट्यावर चढवायचं आवरण) बांधतात, दोन काठ्या घेतात आणि उतरताना अत्यंत सावकाश उतरतात. हे मात्र कुणी सांगत नाही. सूर्योदयाचे फोटो सगळ्यांकडे असतात, त्यानंतरच्या चार तासांच्या सुट्ट्या खडीच्या घसाऱ्याचा एकही नसतो. म्हणून हा वृत्तांत थोडा उलटा आहे: चढ पटकन, उतार सविस्तर.

मार्ग योशिदा, म्हणजे यामानाशी प्रांताच्या बाजूचा, तोक्योहून सगळ्यात सोयीचा आणि म्हणूनच सगळ्यात गर्दीचा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत डोंगराचे दहा टप्पे पाडलेत. बस थेट पाचव्या टप्प्यावर, 2305 मीटरवर, नेऊन सोडते. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे चालायला सुरुवात होते तीच कळसूबाईच्या साडेसहाशे मीटर वरून. माथा 3776. सह्याद्रीत पावसाळाभर फिरणाऱ्याच्या पायांना हा चढ जड नाही, पण फुप्फुसांना ही उंची नवी असते. पाचव्या टप्प्यावर उतरल्या उतरल्या चालू लागू नका. एक तास तिथेच काढा, पाणी प्या, सॅक नीट लावा. हा तास वाचवणारेच पुढे आठव्या टप्प्यावर डोकं धरून बसलेले दिसतात.

नियम आता कडक आहेत. 2025 पासून माणशी 4000 येन प्रवेश शुल्क आहे आणि दुपारी 2 ते पहाटे 3 फाटक बंद असतं. वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीचं आरक्षण असेल तरच त्या वेळात आत सोडतात. योशिदावर दिवसाला 4000 जणांची मर्यादा आहे. शुल्क घरूनच ऑनलाइन भरा. थंडीचे कपडे, वर-खाली वेगळा रेनसूट आणि धड बूट नसतील तर अडवतात. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, चालत नाही, आणि ते बरोबरच आहे: वरचा पाऊस आडवा येतो, वाऱ्याबरोबर पोंचो डोक्यावर जातो. तोक्योत 35 अंश असताना माथ्यावर पहाटे शून्याच्या जवळपास असतं. जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा कानटोपी, हातमोजे आणि फ्लीस लागतंच.

हंगाम योशिदावर 1 जुलै ते 10 सप्टेंबर. तोक्योच्या बाजूचा पावसाळा साधारण 20 जुलैच्या सुमाराला सरतो, त्यामुळे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिकीट काढू नका. 11 ऑगस्टची पर्वतदिनाची सुट्टी आणि मध्य ऑगस्टचा ओबोन हा पितरांचा सण हे दिवस तर साफ टाळा. जुलैअखेरचा मंगळवार ते गुरुवार सगळ्यात चांगला.

चढाईचे टप्पे असे. पाचव्याहून सहाव्यापर्यंत पाऊण तास. सुरुवातीला वाट चक्क खाली उतरते, चुकलो असं वाटायला नको. सहाव्याहून सातव्यापर्यंत एक तास, मुरमाड नागमोडी वाट. सातव्यापासून कातळ सुरू होतो, हात लावून चढायचे काळे लाव्हाचे दगड, बाजूला साखळ्या. हा भाग आपल्या लोकांना सगळ्यात आवडतो, आणि इथेच वेग वाढवून चूक होते. आठव्या टप्प्यापर्यंत नाकाने श्वास घेत बोलता येईल एवढाच वेग ठेवा. माथ्यापर्यंत एकूण सहा तास, विश्रांती वेगळी.

झोपडी कुठली घ्यायची? सगळीकडे सल्ला एकच असतो: जितकी वर तितकी चांगली, म्हणजे सूर्योदयाला माथ्यावर लवकर पोचता येतं. हा सल्ला मानू नका. 3400 मीटरवर पहिलीच रात्र काढली की झोप लागत नाही, डोकं ठणकतं, आणि रात्री एकला उठवलं की रांगेत उभं राहून माथ्यापर्यंतच्या दीड तासाचे तीन तास होतात. अंधारात पुढच्याच्या बुटांकडे बघत एक पाऊल टाकायचं, थांबायचं, एक पाऊल टाकायचं. घाम येऊन थांबलं की तोच घाम गार पडतो. योशिदाची वाट डोंगराच्या ईशान्य अंगावर आहे, त्यामुळे सूर्योदय जवळपास प्रत्येक झोपडीच्या दारातून दिसतो. आठव्या टप्प्यावर 3100 मीटरच्या आसपास झोपा, साडेचारच्या सुमाराला दाराबाहेर फ्लीस घालून उभे राहा, आणि सूर्य वर आल्यावर चालू लागा. गर्दी उतरू लागलेली असते, वाट मोकळी, ऊन अंगावर. एवढ्यासाठीच ही जागा घ्या.

झोपडीत पोचल्या पोचल्या आडवं व्हायचं नाही, हेही लक्षात ठेवा. झोपेत श्वास उथळ होतो आणि डोकेदुखी वाढते. तासभर बाहेर बसा, गरम काहीतरी प्या, मग झोपा.

आता पैसे. झोपडी दोन जेवणांसह 12000 ते 16000 येनच्या घरात, शनिवारी आणखी वर. एक येन साठ पैशांच्या आत-बाहेर धरा. एवढ्या पैशांत खोली मिळत नाही, खांद्याला खांदा लावून अंथरलेल्या स्लीपिंग बॅगा मिळतात. वर अर्धा लिटर पाणी 500 येनपर्यंत जातं. ही लूट नाही, सगळं सामान क्रॉलर गाड्यांनी (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या) वर चढवावं लागतं. खालून दोन लिटर नेलं की प्रश्न मिटतो. स्वच्छतागृहाला दर खेपेला 200 ते 300 येन, तेही नाण्यांत, डब्यात टाकायचे. माणशी शंभराची वीस नाणी तोक्योहूनच घेऊन या. वर सुट्टे मागायला दुकानात गेलात तर नको ती वस्तू घ्यावी लागते.

खरी फसवणूक पाचव्या टप्प्यावर आहे: ऑक्सिजनचे डबे. पाच लिटरचा डबा दोन-चार मिनिटांत संपतो, आणि संपला की माणूस होता तिथेच. डोकं दुखत असेल तर उपाय एकच, दोनशे-तीनशे मीटर खाली उतरणं. डब्याचे पैसे झोपडीतल्या गरम सूपला ठेवा.

काठीवरचे ठसे मात्र घ्यावेत असं आमचं ठाम मत आहे. पाचव्या टप्प्यावर साधी लाकडी काठी मिळते. प्रत्येक झोपडीत विस्तवावर लोखंडी ठसे तापत असतात. माणूस लालबुंद ठसा उचलतो, काठी मांडीवर आडवी धरतो, दोन सेकंद दाबतो. चर्र आवाज, निळसर धूर, जळक्या लाकडाचा वास, आणि झोपडीचं नाव व उंची काळ्या अक्षरांत उमटलेली. एका ठशाचे 300 ते 500 येन, सगळे घेतले तर काठी बरीच महाग पडते. ज्यांना हातात धरून घरी नेता येईल अशी एकच वस्तू हवी, त्यांनी हीच घ्यावी. विमानात केबिनमध्ये नेऊ देतील या भरवशावर राहू नका, चेक-इन सामानात द्या. पण ही काठी उतरायच्या कामाची नाही. त्यासाठी ट्रेकिंगच्या दोन काठ्या वेगळ्या लागतात.

शाकाहारींसाठी दोन ओळी. झोपडीच्या जेवणात बहुधा करी-भात असतो आणि त्यात मांस असतं. नुसता रस्सा मागितला तरी जपानी करीच्या वड्यांत बऱ्याचदा प्राणिज चरबी असते. खाकरे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याच्या वड्या घरून आणा. खाली कोंबिनीत (चोवीस तास उघडं छोटं दुकान) उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, ओनिगिरी (भाताचा मुटका) मिळतो, त्यातल्या त्यात तो बरा. कोंबूच्या (समुद्री शेवाळाच्या) ओनिगिरीत माशाचा अर्क असू शकतो.

माथ्यावर विवराची फेरी दीड तासाची आहे आणि ती सोडू नका. योशिदाची वाट जिथे वर येते तो सर्वोच्च बिंदू नाही. खरं टोक केंगामिने, समोरच्या कडेला, जुन्या हवामान वेधशाळेपाशी. त्याआधीचा चढ, उमानोसे म्हणजे घोड्याची पाठ, मोकळ्या खडीचा आणि तीव्र आहे. कठड्याला धरून चढा. सूर्योदयानंतर लगेच माथ्यावर असाल तर पश्चिमेकडे बघा: फुजीची सावली ढगांवर आणि मैदानावर पडलेली असते, रेखीव त्रिकोण, बघता बघता आखूड होत जाणारा. आयुष्यभर लक्षात राहील असं दृश्य आहे, आणि नव्वद टक्के लोक त्याकडे पाठ करून सूर्याचे फोटो काढत असतात.

आणि आता उतार.

योशिदाला उतरण्याची वाट वेगळी आहे, साधारण सात किलोमीटर, 1400 मीटर खाली. ती इतकी कंटाळवाणी का, याला कारण आहे. पूर्वी या बाजूलाही वाळूतून सरळ धावत उतरायची वाट होती. 14 ऑगस्ट 1980 ला तिथे दरड कोसळून 12 माणसं गेली. ती वाट बंद झाली आणि लोक क्रॉलर गाड्यांच्या नागमोडी रस्त्याने उतरू लागले. म्हणून ही वाट माणसाच्या पायाच्या मापाची नाही. रुंद, लाल-काळ्या खडीची, वळणामागून वळण, सगळी एकसारखी, सावली कुठेही नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीतला घसारा निदान तासाभराने बदलतो. हा बदलत नाही.

घसरण्याचं खरं कारण खोल खडी नाही. रस्त्याच्या मध्यभागी गाड्यांनी माती दाबून टणक झालेली असते आणि त्यावर सुट्टे खडे गोट्यांसारखे पसरलेले असतात. पाय तिथे जातो. कडेला, जिथे घोट्यापर्यंत पाय रुततो, तिथून चला. टाच आधी रोवा, गुडघा किंचित वाकलेला, शरीर थोडं पुढे. भीतीने मागे रेललात की पाय पुढे सुटतात आणि मनगटावर पडायला होतं. काठ्या चढापेक्षा पाच-दहा सेंटिमीटर लांब करा. पायांची नखं आदल्या रात्री कापा, आणि उतरण्याआधी नाड्या घोट्यापाशी ताणून बांधा. बोटं बुटाच्या टोकावर आपटून नखं काळी पडतात ती याच वाटेवर.

गेटर नसतील तर दर दहा मिनिटांनी बूट काढून खडी झाडावी लागते. पुढच्या माणसांची धूळ थेट तोंडावर येते, साधा मास्क आणि चश्मा लागतोच. आणखी एक गोष्ट, ज्यामुळे दरवर्षी कितीतरी लोक अडकतात: बुटांचे तळ. दोन-तीन पावसाळे वापरून कपाटात ठेवलेल्या बुटांचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने आतून कुजलेला असतो. बाहेरून कळत नाही. या वाटेवर अख्खा तळवा सुटून हातात येतो. निघण्याआधी आठवडाभर ते बूट घालून डांबरी रस्त्यावर चाला, आणि सॅकमध्ये चिकटपट्टी व चार केबल टाय ठेवा.

सगळ्यात महागडी चूक आठव्या टप्प्याच्या फाट्यावर होते. माथ्यापासून तिथपर्यंत योशिदा आणि सुबाशिरी या दुसऱ्या मार्गाची उतरण्याची वाट एकच आहे. फाट्यावर दमलेली माणसं समोरच्या घोळक्यामागे जातात आणि दोन तासांनी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या प्रांतात पोचतात. फुजीच्या चारही मार्गांच्या पाट्यांचे रंग पाठ करा: योशिदा पिवळा, सुबाशिरी लाल, गोतेम्बा हिरवा, फुजिनोमिया निळा. धुकं असेल तर पिवळी पाटी हाताने स्पर्श करता येईल एवढी जवळ दिसेपर्यंत वळायचं नाही. चुकून सुबाशिरीला उतरलातच तर टॅक्सीने परत येण्याचा हट्ट धरू नका, पैशांचा चुराडा होतो. तिथून गोतेम्बा स्टेशनची बस आहे आणि गोतेम्बाहून तोक्योला जाता येतं. फक्त तुमचं सामान योशिदा बाजूच्या पायथ्याच्या कावागुचिको स्टेशनच्या लॉकरमध्ये नको. म्हणून सामान तोक्योतच ठेवून या.

या फाट्यानंतर उतरणीच्या वाटेवर पाणी विकणारी झोपडी नाही. अर्धा लिटर तरी शिल्लक ठेवा. सातव्या टप्प्याजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह आहे, तोवर काही नाही. त्याखाली दरडीपासून बचावाचे काँक्रीटचे आडोसे लागतात. बसायचंच असेल तर त्यात बसा, उघड्या वळणावर डोंगराकडे पाठ करून नाही. आणि शेवटचा घाव: सहाव्याच्या खाली, सगळं संपलं असं वाटत असताना, पाचव्या टप्प्यापर्यंतची वाट पुन्हा चढते. तीव्र नाही, पण त्या क्षणी ती कळसूबाईच्या शिड्यांहून जड वाटते.

परतीच्या बसचं आरक्षण करताना माथ्यावरून निघण्याच्या वेळेत पाच तास मिळवा. माहितीपत्रकं साडेतीन-चार तास सांगतात. त्यात बूट झाडणं, रांग आणि गुडघे धरलेले नाहीत. विवराची फेरी करून दहाला निघालात तर दुपारी साडेतीनच्या आधीची बस घेऊ नका.

जपानी उन्हाळ्यातलं बाकीचं, नदीकाठची आतषबाजी, काकिगोरीचा बर्फाचा गोळा, युकाता (सुती किमोनो) घालून बोन नाच, छान आहे आणि त्याला सल्ला लागत नाही. एकच जोडून घ्या. 26 ऑगस्टला संध्याकाळी पायथ्याच्या फुजियोशिदा गावात अग्न्युत्सव असतो. तीन-तीन मीटर उंचीच्या सत्तरहून जास्त मशाली मुख्य रस्त्यावर उभ्या पेटवतात, डोंगराचा हंगाम सरत आल्याची खूण म्हणून. 24 ला चढा, 25 ला उतरून गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसा, 26 ला मशाली बघा. गावात मुक्काम महिनाभर आधी ठरवावा लागतो, त्या रात्री आयत्या वेळी खोली मिळत नाही.