डेड हॉर्स पॉइंटचा एकटा जुनिपर

डेड हॉर्स पॉइंटच्या कड्यावरच्या एकट्या जुनिपरचे (काटक, सदाहरित झाड) पहिल्या संध्याकाळचे फोटो रात्री लॅपटॉपवर उघडले, तर एकातही झाड धड दिसेना. होतं म्हणा, पण मागच्या दरीच्या काळसर भिंतीत त्याचा शेंडा पार बुडून गेला होता. समोर उभा असताना तर किती ठसठशीत वाटत होतं! आपल्या दोन डोळ्यांना जवळचं-लांबचं आपोआप कळतं, कॅमेऱ्याला एकच डोळा.

दुसऱ्या पहाटे मी एक डोळा मिटूनच त्या जुनिपरभोवती हिंडलो. लोक बघत होते, बघू देत. उभं राहिलं की शेंडा दरीत बुडतो. जमिनीला टेकलं की झाड आकाशावर येतं, पण दरीच गायब. शेवटी ट्रायपॉड गुडघ्याच्या जरा वर आणला. शेंडा आकाशात आणि बुंध्यामागे दरी, असं जमलं.

डेड हॉर्स पॉइंट अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोआब गावापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. १९१ नंबरच्या रस्त्यावरून ३१३ ला वळायचं की थेट कड्यापर्यंत. हे राज्याचं उद्यान आहे, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा पास इथे चालत नाही. शेजारच्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातून येणारे हमखास फसतात. फाटक सकाळी ६ ला उघडतं. ऑक्टोबरात सूर्योदय साडेसातच्या आसपास असल्याने भरपूर वेळ मिळतो. जूनमध्ये मात्र सूर्य सहाच्या आधीच वर येतो, तेव्हा आतल्या कॅम्पग्राउंडवरच मुक्काम करा. बुकिंग आधी हवं. पाणी मोआबमधूनच भरून न्या, उद्यानात ते टँकरने येतं. कड्यावर अडकलेले घोडे २,००० फूट खालची कोलोरॅडो नदी बघत तहानेने मेले, अशी या नावामागची दंतकथा आहे.

झाडाजवळ गेलात तर साल बघा. काथ्यासारखी लांब लांब सोलून निघते. पाणी तोकडं पडलं की जुनिपर एखाद्या फांदीचा पुरवठाच तोडतो आणि बाकीचं झाड जगवतो. ती करडी, वाळकी फांदी फ्रेमबाहेर ठेवायची माझी पहिली बुद्धी होती. मग तिलाच पुढे घेतलं.

सगळ्यात चांगला कोन खरं तर डावीकडे चार पावलांवर होता. पण तिथे मातीवर ती काळी, खडबडीत खपली होती. सूक्ष्मजीवांनी धरून ठेवलेली ही माती एका पावलाने मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. खडकावरच राहिलो. आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकू नका, कड्याला बहुतेक ठिकाणी कठडा नाही.

सकाळी नैऋत्येकडे तोंड केलं की ऊन डाव्या खांद्यामागून येतं आणि बुंधा तांबूस होतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा नेमका तोच रंग धुऊन टाकतो. मी ५२०० केल्व्हिनला बांधून ठेवला. ग्रॅज्युएटेड फिल्टर (आकाश दबवणारी, वरून काळसर काच) घरीच ठेवा, शेंडा काळा पडतो. दोन-तीन कमी-जास्त उजेडाची एक्स्पोजर घेऊन जोडावीत, फक्त वारा थांबलेला असताना. नाहीतर फांद्या दोन-दोन दिसतात.

लेन्स मात्र गाडीत बसूनच बदला. मी कड्यावर बदलली. ती तांबडी धूळ सेन्सरवर बसली आणि एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, काढलेल्या प्रत्येक आकाशात आता ठिपके आहेत. अजून एकेक पुसतोय.