कानात मागून येणारा आवाज

"काका, मी गातो आधी अन् कानात येतंय मागून, आडात बोलल्यावानी."

परभणीहून दुपारी एका पोराचा फोन. लॅपटॉपवर नवंनवं रीपर, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, टाकलेलं, त्यात गोंधळाचं पद गायचं. संबळ आधीच रेकॉर्ड झालेला, पण गळा काही त्यावर बसेना.

पहिला प्रश्न एकच: कानात काय घातलंय? ब्लूटूथ. झालं! त्यातच दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि बफरचं, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा साठवून पुढं पाठवतो त्याचं, कुठलंही सेटिंग ते परत आणत नाही. वायरचा हेडफोन लावला, तरी थोडं मागे राहिलंच.

मग रीपरमध्ये प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस. तिथं एएसआयओ निवडायचं, म्हणजे आवाज कमी उशिरानं नेणारा ड्रायव्हर. साउंडकार्ड वेगळं नसेल तर फुकटातला एएसआयओ फोर ऑल ड्रायव्हर आधी टाकायचा. बफर होता १०२४ सॅम्पलचा. सेकंदाला ४४१०० सॅम्पल, म्हणजे ४४१०० हर्ट्झला तो एकटा २३ मिलिसेकंद खातो, तेही आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा. १२८ वर आणला की ३ च्या आत. पण जुन्या लॅपटॉपला झेपेना, फुटाणे भाजल्यासारखी तडतड. २५६ वर जमलं. गाणं झाल्यावर मिक्सिंगला परत १०२४, तेव्हा उशिरानं काही अडत नाही.

बाकी किरकोळ. पंखा बंद, पाठीमागं वाकळ टांगलेली, आवाजाचा मीटर उणे ६ डेसिबलच्या खालीच.

फोन ठेवताना पोरगं म्हणालं, "दोन दिवस वाटलं, माझाच ताल कच्चा हाय."

असं समजून किती जणांनी गाणंच सोडलं असेल?