टॉक्सीची प्रेक्षक-नोंदवही: दुसरा-तिसरा भाग पूर्ण, चौथा अर्ध्यावर

मंडळी, 'द टॉक्सिक अ‍ॅव्हेंजर' या रक्तबंबाळ विनोदी सिनेमाच्या पुढच्या भागांना प्रेक्षक कुठे हसतात, कुठे किंचाळतात आणि कुठे मोबाइल काढून बसतात, याची नोंदवही आता चौथ्या भागापर्यंत आली आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी पद्धत थोडक्यात सांगतो. इथे न्यू जर्सीत, एडिसनला, आमच्या बेसमेंटमध्ये ओळखीपाळखीची माणसं जमतात. सगळ्यांना विचारून मी खोलीतला आवाज रेकॉर्ड करतो. मग सिनेमा पुन्हा लावून आवाज त्याच्याशी जुळवायचा आणि प्रत्येक शॉटपुढे शेरा मारायचा: हशा, 'ईऽऽ', टाळ्या, शांतता, गप्पा. यात सगळ्यात वाईट शेरा गप्पांचा. शांत बसलेला माणूस निदान बघत तरी असतो. 'तुमच्या कॉस्टकोत पेट्रोल काय भाव मिळालं' सुरू झालं की सिनेमा हातचा गेला.

पहिला भाग १९८४चा. लॉइड कॉफमन आणि मायकेल हर्ट्झ यांच्या ट्रोमा कंपनीने तो आपल्याच न्यू जर्सीत, तुटपुंज्या पैशांत काढला. हेल्थ क्लबमध्ये फरशी पुसणारा मेल्विन विषारी कचऱ्याच्या पिंपात पडतो आणि अक्राळविक्राळ पण मनाने भला असा टॉक्सी होऊन बाहेर येतो, एवढीच गोष्ट. त्याच्या नोंदी मागेच लिहून झाल्या आहेत, पण एक मुद्दा इथे पुन्हा घ्यायला हवा, कारण पुढच्या भागांचं सगळं गणित त्यावरच आहे. रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं की कळतं, हशा रक्तावर येत नाही. रक्तावर येते ती 'ईऽऽ'. हशा त्यानंतर क्षणभराने येतो. गुंडाचा हात उखडून झाल्यावर टॉक्सी त्या गोड, सभ्य, कमावलेल्या आवाजात पीडित माणसाची विचारपूस करतो, तेव्हा. हा क्षणभराचा उशीर मला प्रत्येक चांगल्या प्रसंगात सापडला आहे. आतडी बाहेर काढणं कुणालाही जमतं, पण त्यानंतरचा शॉट जमला तरच खोली हसते.

आता दुसरा भाग, १९८९चा. सुरुवातीला अपोकॅलिप्स इन्कॉर्पोरेटेड या दुष्ट कंपनीचे गुंड टॉक्सीच्या गावातल्या, म्हणजे काल्पनिक ट्रोमाव्हिलमधल्या अंधांच्या केंद्रावर चालून येतात आणि टॉक्सी एकेकाचा समाचार घेतो. ही हाणामारी लांबच लांब आहे, आणि आमच्या बेसमेंटमध्ये आजवरचा सगळ्यात मोठा आवाज तिथेच नोंदला गेला. एका बुटक्या गुंडाला मळून-वळून टॉक्सी त्याचा बास्केटबॉल करतो, तिथे तर टाळ्याच पडल्या. सांगलीहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शॉट बदलला, माणसाच्या जागी बाहुला आला, तशा त्या पुढे सरकून म्हणाल्या, "अहो, हे सगळं रबराचं आहे की! मग मी उगाच कशाला घाबरत्येय?" त्यानंतर काकूंनी एकही शॉट सोडला नाही. पडद्यावर हाताने, रबर-नळ्या वापरून केलेल्या रक्तपाताची खरी ताकद इथे आहे, असं माझं ठाम मत आहे. शिवण दिसते, नळीतून येणारी रक्ताची चिळकांडी दिसते, आणि त्यामुळेच भित्रा माणूस खेळात सामील होतो.

आणि मग टॉक्सी जपानला जातो. अपोकॅलिप्सवाल्यांना त्याला गावाबाहेर काढायचं असतं, म्हणून बापाला शोधायच्या निमित्ताने त्याची पाठवणी होते. तो विंडसर्फिंग करत समुद्र ओलांडतो, त्यावर मनसोक्त हशा. टोकियोच्या रस्त्यावर हिंडणाऱ्या टॉक्सीवरही थोडा वेळ मजा. पण तिथून माझ्या वहीत 'गप्पा' हा शेरा पुन:पुन्हा दिसायला लागतो. पैसे कमी पडले म्हणून असं झालं, हे मला पटत नाही, कारण पहिला भाग याहून फाटका होता. ट्रोमाव्हिलमध्ये गुंड कुणाला छळतोय हे आपण आधी बघतो, त्याचा राग येतो, आणि मग त्याचं मुंडकं उडतं. टोकियोत गुंड येतो, मरतो, दुसरा येतो. कुणाचाच हिशेब चुकता झाल्यासारखा वाटत नाही. तिकडे गाव संकटात आणि टॉक्सी गावात नाही. आमच्यातल्या एका डेंटिस्ट मित्राने घड्याळाकडे बघत विचारलं, "हा परत कधी जाणार?" हेच वाक्य मी समासात लिहून ठेवलं आहे.

तिसऱ्या भागावर फार शाई खर्च करत नाही. तोही १९८९चाच. शूटिंग एका सिनेमाचं होतं, रीळ गरजेपेक्षा जास्त जमलं, आणि त्याचे दोन सिनेमे झाले. प्रेयसी क्लेअरच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी टॉक्सी अपोकॅलिप्सचीच नोकरी धरतो. त्यामुळे बराच वेळ नायक चुकीच्या बाजूला आणि रक्तपातही विरळ. वहीत पानभर शांतता आणि गप्पा. दुसऱ्या भागात मात्र एक गंमत सापडली होती. १९९७च्या 'स्पॉन'चा नायक मायकेल जाय व्हाइट त्यात अपोकॅलिप्सच्या माणसांत दिसतो. एका पोराने त्याला ओळखून आरोळी ठोकली.

न्यू जर्सीत बसून हे सिनेमे बघताना आणखी एक प्रतिक्रिया मिळते, ती बहुधा इतरत्र मिळणार नाही. विषारी पिंपांचा शॉट आला की इथे जुनी माणसं हसत नाहीत, माना डोलावतात. विषारी कचऱ्याने बाधित जागांच्या केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत सगळ्यात जास्त जागा याच राज्यातल्या आहेत. १९८३च्या पहिल्या राष्ट्रीय यादीत अव्वल नंबर पिटमनच्या लिपारी कचराभूमीचा होता, आणि पुढच्याच वर्षी टॉक्सी आला. आमच्या एडिसनची किन-बक कचराभूमीही त्याच यादीतली. आमच्यातली एक मैत्रीण माती-पाण्याचे नमुने तपासण्याचं काम करते. तिने तो हिरवा रस बघून सांगितलं, "खरं विष असं चमकत नाही, बिनरंगाचं, गुपचूप जमिनीत मुरतं." त्यावर काही वेळ सगळे तिलाच प्रश्न विचारत होते. हा प्रसंग मी गप्पांत धरलेला नाही, त्याला वेगळा रकाना केला आहे.

चौथा भाग, 'सिटिझन टॉक्सी', २०००चा. सुरुवातीलाच स्टॅन ली यांच्या आवाजात मागच्या दोन भागांबद्दल चक्क माफी मागितली जाते. आम्ही ते दोन्ही ओळीने बघितले असल्यामुळे या माफीला पडलेला हशा जवळजवळ टाळ्यांच्या पातळीवर होता. लगेच मात्र विशेष मुलांच्या शाळेवरचा हल्ला येतो आणि खोली थंड पडली. दोघं उठून वर चहा करायला गेले. मला स्वतःला तो भाग बघवत नाही. विकलांग मुलांवरचे ते विनोद टॉक्सीच्या मूळ स्वभावाच्याच विरुद्ध आहेत, कारण दुबळ्याची बाजू घेणं हेच तर त्याचं काम. नोंद तशीच स्पष्ट लिहिली आहे: हशा नाही, 'ईऽऽ'सुद्धा नाही.

पुढे टॉक्सी उलट्या जगात जाऊन पडतो आणि त्याचा दुष्ट जुळा नॉक्सी ट्रोमाव्हिलमध्ये येतो, तिथून आवाज चढायला लागतो. 'सार्जंट काबुकीमॅन' या ट्रोमाच्याच सिनेमातला गाडी उलटून पेट घेण्याचा शॉट ट्रोमाने अनेक सिनेमांत पुन्हा वापरला आहे, तो इथेही आला. काबुकीमॅन आधी बघितलेल्यांनी एकमुखाने "गाडीऽऽ!" केलं. पैसे वाचवायची युक्ती जाणत्या प्रेक्षकासाठी सणच होऊन बसते. मळमळ होईल असे शॉट या भागात सगळ्यात जास्त आहेत, पण त्यातले बरेच शॉट नुसत्या 'ईऽऽ'वर थांबतात. नंतरचा तो सभ्य शॉट कापून लगेच पुढचा खून येतो, असं माझ्या आत्तापर्यंतच्या जुळवणीत दिसतंय. उत्तरार्ध जुळवायचा राहिला आहे.

त्यानंतर मेकन ब्लेअर यांचा नवा 'टॉक्सिक अ‍ॅव्हेंजर' घेणार आहे. २०२३मध्ये महोत्सवात दाखवला गेलेला तो सिनेमा २०२५मध्ये थिएटरांत आला. पीटर डिंकलेज मुख्य भूमिकेत, आणि रबरी पोशाखात लुइसा गेरेरो. पैसा या वेळी जास्त आहे. काकू परत जायच्या आत तो लावायचा आहे, म्हणजे संगणकाच्या रक्तावर त्या पुढे सरकतात की पदर पुन्हा तोंडाला जातो ते कळेल. तुमच्यापैकी कुणी दुसरा भाग जपानी कळणाऱ्या माणसांबरोबर बघितला असेल, तर टोकियोच्या प्रसंगांत ती माणसं नेमकी कुठे हसली ते शॉटनिशी कळवा. माझ्या वहीतला तो रकाना रिकामा आहे.